तीन कपाटें आणि एक फळी

गेल्या वैशाखांत आम्हांवर एक प्रसंग आला. प्रसंग मोठा नव्हे. आमच्या वयाच्या पुष्कळ गृहस्थांवर तो येऊन गेला असेल, कांहींवर लौकरच यावयाचा असेल. वाईचा आमचा राहता वाडा भाऊबंदांच्या संमतीनें विकावयाचें ठरलें, आणि आम्हीं उभयतांनीं पुण्यास चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं जाऊन राहावें असा निकाल झाला. चिरंजीवांची सदनिका चौथ्या मजल्यावर असून तींत खोल्या तीन आहेत. सूनबाईंनीं त्यांतली एक आमच्यासाठीं मोकळी केली, पलंगाच्या डोक्याशीं फळी ठोकून घेतली आणि फोनवर मोठ्या उत्साहानें सांगितलें, "बाबा, पुस्तकांची सोय केली आहे. चांगली चार फुटांची फळी आहे." आमच्या वाड्यांत पुस्तकांचीं कपाटें तीन, त्यांतलें एक नुसत्या कवितासंग्रहांचें.

फळीवर प्रथम ज्यांचा हक्क निर्विवाद ते ग्रंथ आम्हीं मनांतल्या मनांत लावून पाहिले: ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, आपट्यांचा कोश, रघुवंश, कौमुदी. उरली जेमतेम सव्वा हात जागा. तेवढ्यांत वीसपंचवीस संग्रह फार झाले. तेव्हां निवड करणें प्राप्त झालें, आणि कपाटाची झाडाझडती सुरू झाली. पहिल्याच दिवशीं एक गोष्ट उघडकीस आली. ज्या पुस्तकांवर आमचें प्रेम आहे असें आम्ही चारचौघांत वर्षानुवर्षें सांगत आलों, त्यांतलीं निम्मीं आम्हीं वीस वर्षांत उघडलींसुद्धां नव्हतीं. पानांस पानें चिकटली होतीं. एका संग्रहांत तर झुरळानें अंडीं घातलेलीं निघालीं. आमच्या कुटुंबानें तें पाहून एवढेंच म्हटलें, "कोणी तरी वाचलें म्हणायचें."

सर्वांत जुनें पुस्तक हाताशीं आलें तें आजोबांचें 'नवनीत'. परशुरामपंत गोडबोल्यांनीं १८५४ सालीं हा वेंचा सिद्ध केला. त्यावर मराठी शिकलेल्या किती तरी पिढ्या पोसल्या. आमच्या प्रतीस पुठ्ठा नाहीं, पहिलीं कांहीं पानें नाहींत, आणि मोरोपंतांच्या भागास तेलाचे डाग आहेत, कारण पर्वचा झाला कीं समईच्या उजेडांत आजोबा तोच भाग काढीत. त्या वयांत आम्हांस कविता म्हणजे बळ वाटे. किती आर्या पाठ आहेत, किती श्लोक न अडखळतां म्हणतां येतात, भेंड्यांत 'ठ' किंवा 'ढ' आला तर समोरच्यास कसें चीत करावें, एवढाच काव्याचा विचार होता. अर्थाची कोणी चौकशी करीत नसे. 'केकावली'ची पृथ्वी वृत्तांतली चाल आम्हांस विहिरीवरच्या रहाटासारखी वाटे. पाणी येतें कीं नाहीं हा प्रश्नच नव्हता, रहाट फिरला म्हणजे झालें. गंमत अशी कीं तें सारें अजून जसेंच्या तसें मुखांत आहे. काल कोणतें औषध घेतलें तें आठवत नाहीं, पण साठ वर्षांपूर्वीं घोकलेलें एक अक्षर ढळलेलें नाहीं. मग जें पाठ आहे त्यास फळी कशाला, असा विचार करून 'नवनीत' आम्हीं गांवच्या वाचनालयास दिलें. ग्रंथपालबाईंनीं तें दोन बोटांनीं धरलें हें आम्हीं पाहिलें, पण असो.

पुढें संस्कृताचा अभ्यास सुरू झाला. आमची शाळेंतली विद्या मॅट्रिकपर्यंतची. संस्कृत मात्र कृष्णेच्या घाटाजवळ राहणाऱ्या एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या घरीं जाऊन सात वर्षें केलें. त्यांच्यापाशीं निर्णयसागराचा 'सुभाषितरत्नभाण्डागार' होता. हजारों श्लोक विषयवार लावलेले: सज्जन, दुर्जन, कृपण, मेघ, कावळा, दारिद्र्य. ज्या प्रसंगास जो श्लोक हवा तो काढून द्यावा, असें तें औषधांचें कपाट होतें. कोणता श्लोक कोणाचा, हें पुष्कळदां कोणासच ठाऊक नसे आणि त्याचें कोणास कांहीं वाटतही नसे. 'गाथासप्तशती' मात्र त्यांच्या मांडणीवर असूनही त्यांनीं आम्हांस कधीं दिली नाहीं. एकदां मागितली तेव्हां म्हणाले, "प्राकृत आहे तें. आणि शृंगार आहे. तुझ्या वयाचें नव्हे." शास्त्रीबुवांनीं ज्या क्रमानें हीं दोन कारणें सांगितलीं तो क्रम आमच्या मनांत पक्का बसला. प्राकृत म्हणजे कमी, हें आम्हीं न शिकवतां शिकलों.

विशीच्या आसपास नव्या मराठी कवितेनें आम्हांस गांठलें. 'वाग्वैजयंती' आणि बालकवि आम्हीं नदीवर बसून मोठमोठ्यानें म्हणत असूं. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ सालचा, म्हणजे आमच्या जन्मापूर्वींचा. परंतु आमच्या हातीं पडला तेव्हां काल छापल्यासारखा वाटला. खांडेकरांची प्रस्तावना असलेली ती प्रत आम्हीं पहिल्या पगारांतून घेतली आणि महिनाभर पिशवींत बाळगली. त्या वयांत कवितासंग्रह वाचावयाचा नसतो, मिरवावयाचा असतो. कोण आपल्या हातांतलें पुस्तक पाहतें इकडे आमचें अधिक लक्ष असे. आतां ती प्रत उघडली तर समासांत आमच्याच अक्षरांत "वा!" आणि "अप्रतिम!" असे उद्गार दिसले. कशास वा आणि काय अप्रतिम, हें त्या ओळींवरून आम्हांस आज सांगतां येईना. 'विशाखा' पुण्यास नेला, परंतु समास खोडरबरानें पुसून.

ह्याच वयांत आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती पूर्वीं कोणास सांगितली नाहीं. पण कपाट आवरतांना ती टाळतां आली नाहीं म्हणून येथें लिहितों.

आमचे मामा नोकरीनिमित्त जळगांवास होते. त्यांनीं आमच्या आईस एके दिवाळींत 'बहिणाबाईंची गाणी' हें पुस्तक भेट दिलें. बहिणाबाई चौधरी जळगांवजवळच्या असोद्याच्या. लिहितांवाचतां न येणारी कष्टकरी शेतकरी बाई. तरुणपणींच वैधव्य आलेलें. जातें ओढतांना, शेतांत राबतांना तीं गाणीं त्यांच्या तोंडून येत. त्या १९५१ सालीं वारल्या आणि १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह हें पुस्तक निघालें. आमच्या आईचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत. दुपारीं जेवणें उरकलीं कीं माजघरांत उंबऱ्याशीं बसून ती हें पुस्तक वाची, आणि वाचतां वाचतां ती गुणगुणूं लागे. आम्ही तेव्हां नुकतेच मम्मटाचा 'काव्यप्रकाश' शिकूं लागलों होतों. एके दुपारीं आम्हीं तिला ऐकविलें कीं, ह्यास काव्य म्हणत नाहींत. हीं जात्यावरचीं गाणीं. ह्यांत ना वृत्ताचें बंधन, ना शुद्ध भाषा. तिनें विचारलें, "मग काव्य कशाला म्हणतात रे?" आम्हीं अर्धा तास व्याख्यान दिलें. दोष, गुण, अलंकार, ध्वनि, कांहीं सोडलें नाहीं. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि "असेल बाबा" म्हणून चहाचें आधण ठेवावयास गेली. त्या दिवसानंतर तें पुस्तक माजघरांत दिसलें नाहीं. आईची गुणगुणही आमच्या कानांवर आली नाहीं, किंवा आली असल्यास आमच्या पाठीमागें. त्या वेळीं आम्हांस आपण जिंकलों असेंच वाटलें.

पुढें शाळेंत मास्तर झालों आणि चौतीस वर्षें मुलांस कविता शिकविल्या. त्या काळाविषयीं सांगण्यासारखें थोडें आहे. कविता म्हणजे संदर्भासह स्पष्टीकरण, रसग्रहण आणि गुण. संग्रह विकत घेत असूं तो पाठ्यपुस्तकांतल्या कवितेच्या मागचीपुढची हकीगत मिळावी म्हणून. मर्ढेकर त्याच काळांत वाचले. त्यांच्या 'कांहीं कविता' १९४७ सालीं निघाल्या, त्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि कवि निर्दोष सुटले, एवढी हकीगत आम्हांस पाठ होती. त्या हकीगतीच्या जोरावर संग्रह न वाचतांच आम्ही मत देत असूं. उंदरांवरची ती प्रसिद्ध कविता ऐकून तर आम्हीं नाक मुरडलें होतें. पुढें कन्येच्या बाळंतपणासाठीं सहा महिने मुंबईस राहिलों. सकाळीं साडेआठच्या लोकल गाडींत उभें राहावयास मिळालें तें मोठें भाग्य, अशा दिवसांत तो संग्रह तिच्या घरीं सांपडला. वाचतों तों काय, ज्यास आम्ही मोडतोड समजत होतों तो अभंग होता! ओवी होती! ज्ञानोबा-तुकोबांचा सांचा घेऊन ह्या माणसानें गिरणीच्या भोंग्यांचें शहर त्यांत ओतलें होतें. छंदःशास्त्र जाणणाऱ्या आम्हांस तें ओळखूं येऊं नये, ह्यास पूर्वग्रहाशिवाय दुसरें कारण नाहीं.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) आम्हीं दोनदां वाचावयास घेतला. आमचा कोश तेथें चालेना आणि आमचें आयुष्यही चालेना. तो वाईट आहे असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आवडला म्हणणें खोटें होईल. आमचा एक जुना विद्यार्थी आतां स्वतः शिक्षक आहे. त्यानें तो आमच्या कपाटांत पाहिला, आणि त्याच्या डोळ्यांतली आशा पाहून आम्हीं त्यास तो देऊन टाकला. त्याच्याकडे तो वाचला जाईल.

इंदिरा संतांच्या 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' ह्यांचा निवाडा करण्याची आम्हांवर पाळीच आली नाहीं. हे संग्रह आमच्या कुटुंबानें माहेरून आणलेले. माहेर बेळगांवचें, इंदिराबाईही तेथल्याच, तेथें अध्यापिका विद्यालयांत शिकविणाऱ्या. लग्नानंतरच्या वर्षीं आम्हीं 'मृगजळ' चाळून पाहिला आणि परत ठेवला, तेव्हां सौ. म्हणाली होती, "त्यांत तुम्हांला अलंकार सांपडायचे नाहींत." आतां फळीचा हिशेब मांडून बसलों असतां आम्हीं त्या तीन पुस्तकांकडे पाहिलें. ती म्हणाली, "अहो, तीं पुस्तकांत धरूं नका. तीं माझ्या लुगड्यांत येतील." आणि खरोखरच ती तीं लुगड्यांच्या घडींतून घेऊन आली. चाळीस वर्षें एका घरांत राहून कोणत्या पानावर ती थांबते हें आम्हीं विचारलें नव्हतें. आतां विचारलें, तिनें सांगितलें नाहीं.

'गाथासप्तशती' आम्हीं वाचली ती पन्नाशी उलटल्यावर, स. आ. जोगळेकरांनीं १९५६ सालीं संपादिलेल्या मराठी आवृत्तींतून. वाचकहो, शास्त्रीबुवांवर आमची श्रद्धा आहे. तथापि हा ग्रंथ तरुणपणीं आमच्यापासून दूर राहिला ह्याची आम्हांस आज हळहळ वाटते. महाराष्ट्री प्राकृतांतल्या सुमारें सातशें गाथा. प्रत्येक दोन ओळींची. नांगऱ्याची बायको, वाटसरू, गोदावरीचा कांठ, पावसांत गळणारें घर, सासूचा डोळा चुकविणारी सून. पैठणचा सातवाहन राजा हाल ह्यानें त्या निवडल्या अशी परंपरा. कोटि गाथांतून सातशें वेंचल्या असें ग्रंथच सांगतो. टीकाकारांनीं कित्येक गाथांपुढें कवींचीं नांवें दिलीं आहेत आणि त्यांत स्त्रियांचींही नांवें आहेत. ज्या भाषेस आम्ही कमी समजलों तिच्यांत आपल्या प्रांताचें सर्वांत जुनें काव्य आहे, ही गोष्ट तर खरीच. परंतु आमच्या मनांत दुसरीच गोष्ट सलूं लागली. कोणी तरी हें टिपून घेतलें म्हणून तें राहिलें. बहिणाबाईंचीं गाणीं राहिलीं तीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवि असून तीं लिहून घेत, म्हणून. साने गुरुजींनीं बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. अलीकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं ह्यांनीं खेड्याखेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या नोंदविल्या. राजानें केलें, कवीनें केलें, परदेशांतून आलेल्या गृहस्थानें केलें. आमच्या घरांत जातें होतें, गाणारी होती, आणि लिहितांवाचतां येणारा मुलगा होता.

आई २००९ सालीं गेली. तिची पत्र्याची ट्रंक माळ्यावर तशीच होती. ह्या वैशाखांत ती प्रथम उघडली. दोन इरकली लुगडीं, हळदीकुंकवाचा करंडा, आणि तळाशीं वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेलें तें पुस्तक. त्यांत खूण नाहीं, डाग नाहीं, लिहिलेली ओळ नाहीं. आम्हीं प्रत्येक पान उलटून पाहिलें.

त्या रात्रीं आम्हीं साताऱ्यास अक्कास, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीस, फोन केला. ती सत्तरी उलटलेली आहे. "आईच्या ओव्या तुला येतात का?" म्हणून विचारलें. ती पहिल्यानें हंसलीच. मग एक ओवी आठवूं लागली, तर दुसरी ओळ आली, पहिली येईना. दुसरीची सुरुवात आली, शेवट गेला. चार दिवस असें चाललें. शेवटीं ती वैतागून म्हणाली, "अरे, हात फिरल्याशिवाय नाहीं आठवायचें तें."

वाड्यांतलें जातें न्हाणीघराच्या मागें पडलें होतें. वाडा घेणाऱ्या गृहस्थांनीं बागेंत शोभेसाठीं ठेवावयाचें म्हणून तें मागितलेंही होतें. आम्हीं धुऊन माजघरांत आणविलें. चाळीस वर्षांत त्यास टांकी लागलेली नव्हती. खुंटा नवा बसवून घेतला. अक्का एस. टी. नें आली, पदर खोंवून, एक पाय लांब करून बसली, आणि मूठमूठ गहूं घालूं लागली. पीठ पडलें तें कण्यांसारखें भरड. त्याचें कांहीं करतां आलें नाहीं. पण दहाबारा फेरे झाल्यावर तिचें बोलणें थांबलें आणि गळा सुरू झाला. ती डोळे मिटून होती. मध्येंच थांबली कीं आम्हीं "मग?" असें विचारूं नये, हें आम्हांस लौकरच समजलें, विचारलें कीं ओवी निसटे. ती पुनः खुंटा फिरवी आणि निसटलेली परत येई.

त्या दुपारीं तेवीस ओव्या आम्हीं वहींत उतरून घेतल्या. पंचमीस न्यावयास न आलेल्या भावावरच्या, कृष्णेच्या पुरावरच्या, पंढरीच्या वाटेवरच्या, आणि पांच तर केवळ आमच्या आजीच्या घरच्या दारांतल्या चाफ्यावरच्या. अक्षरें मोजण्याची जुनी खोड. दोन ठिकाणीं मोजलीं, मग सोडून दिलें. एका ओवींत आमचें नांव आलें. शास्त्र्यांच्या घरीं शिकावयास जाणाऱ्या मुलावरची ती ओवी होती. आमची लेखणी थांबलेली पाहून अक्का म्हणाली, "त्यांत काय एवढें? ओवींत मुलाचें नांव घालायची रीतच आहे. तूं सकाळीं शास्त्रीबुवांकडे गेलास कीं नैवेद्याचें पीठ काढतांना म्हणायची." तूं घरीं आलास कीं गप्प बसायची, हें ती बोलली नाहीं. तेवढा हिशेब आम्हांस करतां येत होता.

जातें चौथ्या मजल्यावर नेणें शक्य नव्हतें आणि तें बागेंत ठेवावयास देणें आमच्यानें झालें नाहीं. अक्कानें टेम्पो करून तें साताऱ्यास नेलें. टेम्पोवाल्यानें सातशें रुपये घेतले, म्हणजे नव्या मिक्सरच्या निम्मे घेतले असें भाचा म्हणतो.

पुण्यास येऊन आतां पांच महिने झाले. फळी लागली आहे. मोरोपंत नाहींत, ते मुखांत आहेत. मर्ढेकर आहेत, 'विशाखा' आहे, जोगळेकरांची गाथा आहे, आणि तिच्या शेजारीं वर्तमानपत्राचा कागद काढून 'बहिणाबाईंची गाणी'. नात ह्या वर्षीं आठवीस आहे; तिनें परवां तेंच पुस्तक काढून नेलें तें अजून परत आलेलें नाहीं, आणि आम्हीं मागितलेलें नाहीं. ओव्यांची वही मात्र फळीवर ठेवीत नाहीं, उशाशीं ठेवतों. अक्काचे फोन अवेळीं येतात. काल पहाटें पांच वाजतां आला: सून झोपली आहे, हळूंच बोलतें, घे, लिहून घे.